पाव फेरा

दोन्ही कार्बोरेटर मी एकाच ताटात उघडले,
ही पहिली चूक.
डाव्याची सुई उजव्यात गेली असेल
या शंकेनं पुढच्या रविवारी पुन्हा उघडले.
गेली नव्हती.
जेट रात्रभर रॉकेलात. मग वरच्या मजल्यावरच्या क्लासमधून
मागून आणलेली सतारीची तुटकी तार,
एकेका भोकातून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत.
फ्लोटची उंची पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं.
हवेचा स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर.
पुस्तकात होतं तसं सगळं.

आणि राजदूत साडेतीनशे
लंगडीच्या डावात उभी राहावी तशी, एका पायावर.
डाव्या नळीवर पाण्याचा थेंब टाकला, चर्रकन गेला.
उजव्या नळीवर बसून राहिला,
पाहुण्यासारखा.

आठ दिवस उजवं वर घेतलं, मग डावं खाली,
मग पुन्हा उजवं,
आणि आयडलिंग चढत चढत तीन हजारांवर.
शेजारच्या माळकरकाकूंनी खिडकी लावून घेतली.
रबरी मॅनिफोल्डवर फवारा मारून बघितला,
हवा कुठून चोरली जाते का.
नाही. इंजिनानं दखलसुद्धा घेतली नाही.

उद्यमनगरात सुट्टीच्या दिवशी गेले.
लेथ बंद, भट्ट्या बंद,
गल्लीत फक्त कटिंग ऑइलचा वास.
दस्तगीर शिकलगारांचा डावा कान
पंधरा वर्षं हॅमरखाली काम करून गेलेला.
त्यांनी आधी गाडीकडं बघितलं नाही, माझ्या नखांकडं बघितलं.
"स्वतः खोललाईस न्हवं?"
"हो."
"मग निम्मं काम झालं. निम्मं बिघडलंय."

एअर फिल्टर काढला.
दोन तोंडांत दोन बोटं घातली,
वासराच्या तोंडात घालावीत तशी, न घाबरता.
"आता दे. हळू. लई हळू. केस वाढतोय एवढं हळू."
मी मूठ पिळली.
"डावं उठलं."
आणि मग, श्वासभरानं,
"उजवं उठलं."

"म्हणजे उजवंच आळशी," मी म्हटलं.
आठ दिवस तेच म्हणत होते.
"थंड असतंय त्याच्या नावानं सगळीच बोंब मारत्यात,"
म्हणाले, आणि टाकी उचलायला लावली.

टाकीखाली, एका केबलच्या दोन होतात तिथं,
डाव्या केबलची टोपी
खोबणीत बसलीच नव्हती.
काठावर चढून बसलेली, तांदळाच्या दाण्याएवढी उंच.
मूठ हलायच्या आधीच डावं उठून तयार,
आणि उजवं बिचारं
सांगितलं तेव्हाच उठत होतं.

टिक्.
एवढाच आवाज, ती खाली बसली तेव्हा.
माझे आठ दिवसांचे सगळे स्क्रू त्यांनी सोडून टाकले,
बेरीज चुकली की पाटी पुसावी तसे.
"बंद असताना दोन्ही सारखी हाईत का, हे बघत बसायचं न्हाई.
थांबतात कुणीबी सारखी.
उठतात कशी ते बघ."
डाव्याच्या अ‍ॅडजस्टरला पाव फेरा. परत बोटं.
परत हळू.
या वेळी ते काहीच बोलले नाहीत,
फक्त दोन्ही बोटं एकदम बाहेर काढली.

दुसऱ्या किकला लागली.
निळा धूर दोन्हीकडून, पत्र्याच्या छपराखाली.
लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून
मूठ कानामागच्या हाडाला लावली त्यांनी,
मग तो माझ्या हातात दिला.
"दोन आवाज येत्यात का एक?"
"एक."
"मला जन्मभर एकच येणार आता.
म्हणून तर बोटानं बघतोय."

पैसे ठेवले, त्यातले निम्मे परत केले.
सतारीची तार मात्र ठेवून घेतली.

शिरोलीच्या रस्त्यावर, चार हजारांच्या जरा पुढं,
अजून एक खोकला आहे.
आज मी कुठलाच स्क्रू पिळला नाही.
बोटांना पेट्रोलचा वास होता, भाकरीलाही लागला,
तशीच खाल्ली.